कुंपण आणि शेत : कर्करोग व शरीराचे राखणदार

पोटरीत आलेल्या भाताची राखण करण्यासाठी शहापूर-मुरबाडकडचा शेतकरी बांधावर माळा उभारतो आणि रानडुकरांच्या वाटेकडे डोळे लावून रात्र काढतो. राखण म्हणजे काय, हे ह्या मुलखातील माणसास शिकवावे लागत नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर काय गत होते, हेही त्यास ठाऊक आहे. ती म्हणच मुळी शेतकऱ्याच्या तोंडची आहे. प्रस्तुत निबंधात आम्हांस जो इतिहास सांगावयाचा आहे, तो ह्या दोन गोष्टींचा आहे : राखणीचा, आणि कुंपणाने खाल्लेल्या शेताचा. फरक इतकाच, की येथे शेत म्हणजे माणसाचे शरीर आणि डुक्कर म्हणजे कर्करोग.

आपल्या शरीराच्या संरक्षणाची व्यवस्था दुहेरी आहे. एक व्यवस्था अनुभवाने शहाणी होते. देवी, गोवर, घटसर्प अशा एखाद्या रोगाची ओळख एकदा पटली की ती पुढे वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. लस टोचण्याचा उपयोग होतो तो ह्या स्मरणामुळे. हिला अर्जित प्रतिकारशक्ती म्हणतात. दुसरी व्यवस्था जन्माबरोबर येते. शत्रू कोण, त्याचे नाव-गाव काय, ह्याची चौकशी करीत न बसता, जखम झाली किंवा परके काही आत शिरले की ती तत्काळ धावून जाते. ही उपजत प्रतिकारशक्ती होय. रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, ऊतींत ठाण मांडून बसणाऱ्या मॅक्रोफेज अथवा महाभक्षक पेशी, आणि बिघडलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी हे तिचे मुख्य शिलेदार. ह्या शिलेदारांचे आणि कर्करोगाच्या गाठीचे नाते काय, हा प्रश्न दीडशे वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांपुढे आहे. त्याचे उत्तर निदान तीन वेळा उलटेपालटे झाले. ही उलथापालथ आपल्या ठाणे जिल्ह्याच्या दाराशी, परळच्या प्रयोगशाळांपर्यंत येऊन पोहोचलेली असल्यामुळे, तिचा वृत्तान्त आपल्या लोकांनी ऐकावा असे आम्हांस वाटते.

आणखीही एक कारण आहे. आजकाल बाजारात, आठवड्याच्या हाटात, यात्रेत, इतकेच काय पण हातातल्या फोनवरसुद्धा, 'प्रतिकारशक्ती वाढवा आणि कर्करोग पळवा' अशी हाळी ऐकू येते. चूर्णे, काढे आणि बाटल्या ह्या एका वाक्यावर खपतात. ते वाक्य कितपत खरे आहे, हे समजून घेण्यास इतिहासासारखा दुसरा पंच नाही.

मेसिनाचा काटा

कथेचा आरंभ जर्मनीत होतो. रुडॉल्फ व्हिर्चो हा बर्लिनचा थोर विकृतिशास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या गाठी तपासताना त्याला तेथे पांढऱ्या पेशींची गर्दी आढळली. १८६३ साली त्याने असे मत मांडले, की जेथे दीर्घकाळ दाह चालू राहतो तेथे कर्करोग उद्भवतो. म्हणजे जुनाट सूज ही गाठीची माता होय. ह्या पांढऱ्या पेशी तेथे करतात काय, हे मात्र व्हिर्चोच्या काळी कोणासही उलगडले नव्हते.

ते उलगडले सिसिली बेटावरील मेसिना गावी. इल्या मेच्निकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ १८८२ च्या अखेरीस तेथे राहत होता. घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहण्यास गेली असता तो एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक अळीत हिंडणाऱ्या पेशी पाहता पाहता त्याच्या मनात आले, की ह्या पेशी शरीराच्या रक्षणासाठी तर नसतील? त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणून अळीच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींनी वेढा घातलेला! आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तेथे पू धरतो. तो पू म्हणजे अशाच पेशींचा मेळावा असतो. मेच्निकॉव्हने त्यांना भक्षक पेशी हे नाव दिले, आणि १९०८ साली पॉल एर्लिख ह्याच्यासमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

मेच्निकॉव्हचे नाव आपल्यास दूरचे वाटेल. पण त्याचा एक शिष्य आपल्या घरचाच झाला. ओडेसा येथे मेच्निकॉव्हच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन १८९६ साली प्लेगने हैराण झालेल्या मुंबईत आला. १० जानेवारी १८९७ रोजी आपण सिद्ध केलेली प्लेगची लस त्याने प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रतिकारशक्तीच्या विद्येचे बीज परळच्या भूमीत असे पडले. शहापूरचे तानसा धरण १८९२ साली पुरे झाले होते. तेव्हा ज्या मुंबईत हा संशोधक झगडत होता, ती शहापूरच्या डोंगरातले पाणी पीत होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तापाने विरलेली गाठ

राखणदार आहेत हे ठरले. पण ते कर्करोगाच्या गाठीवर चाल करून जातात काय? ह्या प्रश्नाला पहिले धाडसी उत्तर न्यूयॉर्कच्या विल्यम कोली ह्या शस्त्रवैद्याने दिले. रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळताना त्यास असा एक रोगी आढळला, की ज्याची मानेवरची गाठ शस्त्रक्रियेस दाद देत नव्हती, पण विसर्प नावाचा तापट त्वचारोग झाल्यावर ती विरून गेली होती. १८९१ पासून कोलीने मुद्दाम विसर्पाचे जंतू, आणि पुढे मेलेल्या जंतूंचे मिश्रण, गाठीत टोचण्याचा उपक्रम चालविला. काही रोगी खरोखर बरे झाले, काही तापाने दगावले, आणि पुष्कळांस काहीच गुण आला नाही. कोणास गुण येईल हे आधी सांगता येत नव्हते, आणि प्रत्येक वेळी मिश्रण सारखे नसे. पुढे क्ष-किरणांचा उपचार आला आणि कोलीचे मिश्रण मागे पडले. तथापि त्याने एक गोष्ट जगासमोर ठेवली होती : निजलेले राखणदार जंतूंच्या गलक्याने जागे होतात, आणि एकदा जागे झाले म्हणजे कधी कधी गाठीवरही तुटून पडतात.

एर्लिखने १९०९ साली ह्याच विचारास तर्काची जोड दिली. माणसाच्या शरीरात इतक्या पेशी इतक्या वेळा विभागतात, की त्यांतील काही बिघडणारच. शरीर त्यांचा बंदोबस्त करीत नसते तर कर्करोग आज दिसतो त्याहून कितीतरी अधिक दिसला असता, असे त्याचे म्हणणे होते. अशा रीतीने राखणदार हा रक्षक आहे, हे पहिले उत्तर ठरले. पण व्हिर्चोने दाहावर ठेवलेले बोट? ते उत्तरात बसत नव्हते, म्हणून ते बाजूस राहिले.

मुंबईची पाहणी

ते बोट पुन्हा पुढे आणण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे, आणि तो अभिमानाने सांगण्याजोगा आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. १८९५ साली जन्मलेले हे विकृतिशास्त्रज्ञ पुढे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले, आणि १९५० ते १९५४ ह्या काळात आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

खानोलकरांची दृष्टी अशी, की रोग पाहावयाचा तर माणसाची राहणी पाहिली पाहिजे. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई ह्या सहकारी संशोधिकेसमवेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात चालीरीतींमुळे उद्भवणाऱ्या कर्करोगांचे वर्णन होते. कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या सततच्या घर्षणाने कातडी काळवंडते, सोलवटते, तेथे व्रण होतो आणि वर्षांनंतर त्या जागी कर्करोग होतो, असे त्यांनी दाखविले. 'धोतराचा कर्करोग' हे नाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत तेव्हापासून आहे. काश्मीरात थंडीत पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या पोटाच्या कातडीवर होणारा कर्करोग त्याआधीच माहीत होता. ह्या सर्वांत समान सूत्र एकच : एकाच जागी, वर्षानुवर्षे, न थांबणारी इजा.

तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट आपल्या अधिक जवळची. तंबाखूत चुना मळून गालफडात धरून ठेवण्याची सवय ज्यांस आहे, त्यांना तो बार जेथे ठेवावा तेथेच, गाल व हिरडी ह्यांच्या खाचेत, गाठ उठते. म्हणूनच ह्या ठिकाणच्या कर्करोगास पुष्कळ डॉक्टर भारतीय तोंडाचा कर्करोग असे संबोधतात. केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडाची कातडी आतून ताठरल्याचे १९५२ साली नोंदले गेले. पुढल्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी ह्यांनी हाच विकार येथे वर्णिला. सुपारीच्या सततच्या चघळण्याने होणाऱ्या ह्या विकारात तोंड उघडेनासे होते आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका राहतो. १९७२ साली डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून तंबाखू आणि तोंडातील विकार ह्यांचा संबंध प्रसिद्ध केला. गावोगाव, घरोघर हिंडून केलेली इतकी मोठी पाहणी त्या काळी जगातही विरळाच होती. पुण्याच्या खेड्यांत जे दिसले ते माळशेज उतरून खाली मुरबाडात आल्यावर निराळे कसे असेल? तंबाखू भाजून केलेली मिशरी दातांस लावण्याची चाल आपल्याकडील बायकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भूक मारण्यास, दाताची ठणक थांबविण्यास, लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम उरकण्यास ती उपयोगी पडते, म्हणून ती टिकली. तिला नुसती खोड म्हणून हिणविणे आम्हांस रास्त वाटत नाही. पण तिची किंमत तोंड चुकविते, हे सांगितल्याविना गत्यंतरही नाही.

आता येथे उपजत राखणदारांचा संबंध काय? तंबाखूतील विषे पेशीच्या गाभ्यातील आनुवंशिक द्रव्यास थेट इजा करतात, हे पहिले कारण. पण चुन्याने भाजलेल्या, सुपारीने खरचटलेल्या गालात रोज पांढऱ्या पेशी धावून येतात, हे दुसरे. जंतू मारण्यासाठी ह्या पेशी तीव्र प्राणवायुयुक्त रसायने सोडतात. ती रसायने शेजारच्या निरोगी पेशींचेही आनुवंशिक द्रव्य बिघडवू शकतात. जखम भरून काढण्यासाठी त्याच पेशी वाढीस चेतना देणारी द्रव्ये सोडतात आणि नव्या रक्तवाहिन्या फुटविण्यास मदत करतात. जखम आठ दिवसांची असेल तर हे सर्व वरदान. जखम वीस वर्षे रोज नवी होत असेल, तर बिघडलेल्या पेशीस खतपाणी घालण्याचे काम राखणदारच करू लागतात.

महारोगाचा धडा

खानोलकरांच्या संशोधन केंद्रात एक मराठी स्त्री काम करीत होती. तिचे नाव कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, माहेरच्या समर्थ असलेल्या ह्या विदुषींनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय ह्यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले, आणि परत येऊन भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. काचपात्रात जिवंत पेशी वाढवून त्यांचे वर्तन न्याहाळण्याची सोय त्यामुळे आपल्याकडे झाली.

कर्करोगाच्या ह्या केंद्रात कुष्ठरोगावरही काम चाले, ह्याचे वाचकांस नवल वाटेल. बापट, रणदिवे आणि खानोलकर ह्यांनी १९५८ साली कुष्ठरोग्याच्या ऊतींतून मिळविलेला एक जंतू वाढविल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास आय. सी. आर. सी. जंतू असे नाव पडले, आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लसही तयार करण्यात आली. आमच्या विषयास ह्यातून एक मोठा धडा मिळतो. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात जंतू कोठे राहतो? ज्या महाभक्षक पेशीने त्यास गिळून ठार मारावयाचे, तिच्याच पोटात तो सुखाने राहतो आणि वाढतो. राखणदार जिवंत आहे, संख्येनेही भरपूर आहे. पण शत्रूने त्याच्याच झोपडीत बिऱ्हाड केले आहे. म्हणजे राखणदारांची नुसती संख्या वाढून भागत नाही; ते कोणाच्या बाजूने वागत आहेत, हा खरा प्रश्न. कर्करोगाच्या बाबतीत हाच प्रश्न पुढे दत्त म्हणून उभा राहणार होता.

रणदिव्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. मुंबईतील कामातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. शहापूरच्या पूर्वेचा डोंगर चढून गेले की अकोले लागते. प्रयोगशाळेतील पेशीपासून डोंगरातील मुलाच्या ताटापर्यंत एकाच व्यक्तीची नजर पोहोचली, हे आपल्याकडील विद्वत्तेचे भूषण होय. २००१ साली त्यांचे निधन झाले.

पहारा, त्याची पडझड आणि पुन्हा उभारणी

इकडे जगात एर्लिखच्या कल्पनेस नवा जन्म मिळाला. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट आणि अमेरिकेचे लुईस थॉमस ह्यांनी १९५७ च्या सुमारास असे प्रतिपादन केले, की प्रतिकारशक्ती शरीरभर गस्त घालते आणि उगवत्या कर्करोगास खुडून टाकते. ह्यास प्रतिकारशक्तीचा पहारा असे नाव पडले.

सिद्धान्त सुंदर होता. पण परीक्षा कठोर निघाली. जन्मतः थायमस ग्रंथी नसलेला, केस नसलेला एक उंदीर संशोधकांस मिळाला होता. थायमसअभावी त्याच्या अंगात अर्जित प्रतिकाराच्या मुख्य पेशी तयारच होत नाहीत. पहारा खरा असेल, तर ह्या उंदरांस कर्करोग अधिक व्हावयास हवा. ओसियास स्टुटमन ह्यांनी १९७४ साली अशा उंदरांस कर्करोगकारक रसायन दिले, आणि आढळले असे, की त्यांना साध्या उंदरांहून जास्त गाठी झाल्या नाहीत. पहाऱ्याचा सिद्धान्त कोलमडला असे पुष्कळांनी मानले.

पण घरमालकाने दाराचा पहारेकरी काढला, म्हणून घर उघडे पडले असे थोडेच आहे? परसदारी कोणी दुसरा बसलेला असू शकतो. पुढल्याच वर्षी, १९७५ साली, स्टॉकहोम येथे रॉल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल ह्यांनी, आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन ह्यांनी, कोणतीही पूर्वओळख नसताना कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींचे वर्णन केले. त्या थायमसवाचूनही वाढतात. म्हणजे स्टुटमनच्या उंदरांत त्या हजर होत्या! त्यांची कसोटीही मोठी नामी आहे. प्रत्येक निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर स्वतःची ओळख मिरविते. अर्जित प्रतिकाराच्या पेशींपासून लपण्यासाठी कर्करोगाची पेशी कधी कधी ही ओळखच टाकून देते. मारक पेशी नेमके हेच पाहते : ज्याच्यापाशी ओळख नाही तो संशयित. क्लास कारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली हे तत्त्व पुराव्यानिशी मांडले.

२००१ साली सेंट लुईसच्या रॉबर्ट श्रायबर ह्यांच्या गटाने पहाऱ्याचा सिद्धान्त सुधारून पुन्हा उभा केला. अर्जित प्रतिकाराच्या पेशी मुळीच नसलेल्या उंदरांत गाठी खरोखरच अधिक झाल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अशा उंदरांतील गाठी निरोगी उंदरांत रोवल्या असता त्यांतल्या पुष्कळ नाकारल्या गेल्या. म्हणजे निरोगी शरीरात वाढून दाखविणारी गाठ ही राखणदारांच्या नजरेतून चाळून निघालेली असते. जी सहज सापडते ती मारली जाते, आणि जी चुकवून राहते ती उरते. ह्या झगड्याच्या तीन अवस्था सांगतात : निर्मूलन, समतोल आणि निसटणे. आपण ज्या गाठीस कर्करोग म्हणून ओळखतो, ती तिसऱ्या अवस्थेतील होय.

कुंपण शेत खाते तेव्हा

निसटलेली गाठ नुसती लपून राहत नाही. ती राखणदारांस फितवून कामाला लावते. १९८६ साली हॅरल्ड ड्वोराक ह्यांनी बोस्टनहून एक सूत्र मांडले, ते असे, की कर्करोगाची गाठ म्हणजे कधीही न भरणारी जखम. जखम भरून काढताना शरीर जी जी साधने वापरते, ती सर्व गाठ स्वतःसाठी वापरते. व्हिर्चोने १८६३ साली बोट ठेवले होते ते ह्याच जागी.

गाठीत शिरलेल्या महाभक्षक पेशींचा अभ्यास इटलीच्या आल्बेर्तो मंतोवानी ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात आरंभिला. ह्या पेशींस ढोबळ मानाने दोन वळणे असतात. जंतूंची वर्दी लागली की त्या मारक वळण घेतात. जखम भरावयाची असेल तर डागडुजीचे वळण घेतात. गाठ आपल्याभोवती अशी द्रव्ये सोडते, की तेथे आलेल्या महाभक्षक पेशी डागडुजीच्या वळणावर जातात. मग त्या गाठीसाठी रक्तवाहिन्या फुटवितात, ऊतींची बांधणी सैल करून गाठीच्या पेशींना वाट मोकळी करून देतात, आणि अर्जित प्रतिकाराच्या पेशी आल्याच तर त्यांस शांत करतात. प्रत्यक्षात ह्या दोन टोकांमध्ये अनेक पायऱ्या आहेत. पण समजण्यास एवढे पुरे.

ह्याचा रोखठोक पुरावा २००१ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री पोलार्ड ह्यांच्या गटाने दिला. स्तनाचा कर्करोग हमखास होणाऱ्या उंदरांतून त्यांनी महाभक्षक पेशींना पोसणारे एक द्रव्य काढून टाकले. गाठी पूर्ववत उठल्या; पण त्यांचे घातक रूप उशिरा आले आणि फुप्फुसांत होणारा फैलाव मंदावला. राखणदार कमी झाले तशी रोगाची चाल धिमी झाली! कोलीस हे कोणी सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

न्यूट्रोफिल पेशींची कथाही तशीच. जंतू अडकविण्यासाठी त्या स्वतःच्या गाभ्याचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात. २०१८ साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधकांनी दाखविले, की तंबाखूच्या धुराने उंदरांच्या फुप्फुसांत दाह झाला की ही जाळी तयार होतात, आणि त्यांच्या योगे तेथे निद्रिस्त पडलेल्या कर्करोगाच्या पेशी जाग्या होऊन वाढू लागतात. उंदराचे सर्वच माणसास लागू होते असे नाही. तरीही विडी ओढणाऱ्याने हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

आपल्या मुंबईकडेही हे काम चालू राहिले. खानोलकरांच्या केंद्राची परंपरा चालविणारी संस्था आज खारघर येथे आहे. तेथे डॉ. शुभदा चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गॅमा-डेल्टा जातीच्या टी पेशींवर दीर्घकाळ अभ्यास केला. ह्या पेशी उपजत आणि अर्जित ह्या दोन्ही व्यवस्थांच्या उंबरठ्यावर बसलेल्या आहेत. प्रयोगशाळेत त्या कर्करोगाच्या पेशी मारू शकतात. पण २०१६ साली पित्ताशयाच्या कर्करोगावर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की ह्यांतील एक विशिष्ट द्रव्य सोडणाऱ्या पेशी नव्या रक्तवाहिन्यांस चालना देतात, आणि ज्या रोग्यांत त्या अधिक त्यांचे आयुष्य कमी. एकाच कुळातील एक भाऊ राखणदार आणि दुसरा फितूर, असा हा प्रकार.

उपचाराची वाट

ह्या ज्ञानाचा रोग्यास उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, पण मोजूनमापून. क्षयाविरुद्ध आपल्या बाळांस टोचतात ती बी. सी. जी. लस १९७६ साली कॅनडाच्या अल्वारो मोरालेस ह्यांनी मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात थेट मूत्राशयात सोडली. तिच्या गलक्याने उपजत राखणदार जागे होतात, त्यांच्यामागून अर्जित प्रतिकाराच्या पेशी येतात, आणि गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी होते. हा उपचार आजही जगभर चालतो. कोलीची जुनी कल्पना येथे शिस्तीत बसली : ठरलेला जंतू, ठरलेली जागा, ठरलेला रोग.

राल्फ स्टाइनमन ह्यांनी १९७३ साली शाखायुक्त पेशी शोधून काढल्या. उपजत राखणदारांची वर्दी अर्जित व्यवस्थेपर्यंत पोहोचविणारे हे जासूद. स्वतः स्टाइनमन स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आजारी पडले, आणि आपल्याच शोधावर आधारलेले उपचार त्यांनी स्वतःवर करून घेतले. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते निवर्तले, आणि ३ ऑक्टोबर रोजी त्यांचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

अपयशेही सांगितली पाहिजेत. २०१७ साली हृदयरोग्यांवरील एका मोठ्या चाचणीत दाहाचे एक द्रव्य रोखणाऱ्या औषधाने फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळल्याचे दिसले, आणि आशा उंचावल्या. पण तेच औषध फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार म्हणून वापरले, तेव्हा पुढील चाचण्यांत अपेक्षित गुण आला नाही. दाह थांबवून रोग टाळणे वेगळे, आणि रोग रुजल्यावर दाह थांबवून तो बरा करणे वेगळे.

आपल्यापुरते तात्पर्य

ह्या सर्व वृत्तान्तावरून 'प्रतिकारशक्ती वाढवा आणि कर्करोग पळवा' ह्या हाळीचा निवाडा सहज करता येतो. प्रतिकारशक्ती ही कणगीतील भातासारखी मापाने वाढणारी वस्तू नव्हे. तीत अनेक जातींच्या पेशी आहेत. त्यांतील काही गाठीस मारतात, काही पोसतात, आणि तीच पेशी आज एक काम करील व उद्या दुसरे. बाटलीतल्या कोणत्या काढ्याने ह्यांपैकी काय वाढते, हे विकणारा सांगू शकत नाही. आपल्याकडील जाणत्या वैदूंस वनस्पतींचे ज्ञान आहे आणि त्याचा आम्ही आदर करतो; परंतु तोंडातील गाठीवर महिनोन्‌महिने लेप व चूर्णे चालू ठेवण्यात जो काळ जातो, तो काळ गाठीच्या बाजूने काम करीत असतो.

इतिहासाने दाखविलेली खरी वाट साधी आहे. इजा थांबविली की राखणदारांस रोजची धावपळ उरत नाही, आणि कुंपणास शेत खाण्याची संधी मिळत नाही. तंबाखू, मिशरी, सुपारी, विडी ही आपल्याकडील इजेची मुख्य साधने. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण कायद्याचा हात गालफडापर्यंत पोहोचत नाही; तेथे माणसाचा स्वतःचाच हात पोहोचतो. सवय सोडल्याने धोका कमी होतो, हे निश्चित आहे; मग ती विसाव्या वर्षी सोडा की पन्नासाव्या.

दुसरे असे, की तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, गालात पांढरा वा लाल चट्टा उठला, तोंड पूर्वीसारखे उघडेनासे झाले, किंवा मानेस गाठ लागली, तर ती न भरणारी जखम आहे की काय हे तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, आणि तेथून सांगतील तर पुढे जावे. मुरबाडहून कल्याणपर्यंत एस. टी., शहापूरकरांस आसनगावहून लोकल, असा तो परळचा प्रवास आहे. मजुरी बुडते, सोबतीस माणूस लागते, मोठ्या शहरात बुजल्यासारखे होते, हे सर्व खरे आहे. म्हणूनच गावातील शिकल्यासवरल्या तरुणांनी, शिक्षकांनी, आशा सेविकांच्या खांद्यास खांदा लावून, अशा माणसाचे बोट धरून त्यास तेथवर पोहोचविणे, हे आम्ही विद्यादानाइतकेच पुण्याचे काम समजतो. लहान गाठ घेऊन गेलेला रोगी बरा होऊन परत येण्याची शक्यता मोठी असते. मोठी गाठ घेऊन गेलेल्याची ती फार थोडी उरते.

मुंबईस आपण तानसा आणि भातसा ह्यांचे पाणी देतो. त्या शहरात आठ दशकांहून अधिक काळ साठत आलेले हे ज्ञान आपल्याही हक्काचे आहे. ते मागून घ्यावे, वेळेवर घ्यावे, आणि घराघरांत पोहोचवावे, एवढीच आमची विनंती.